क्रियेचे फळ कोणाकडे?



फ्रेंच शिकू लागलेल्या मराठी माणसाला आत्मवाचक क्रियापदे हमखास अडवतात. 'ज लाव' म्हणजे 'मी (काहीतरी) धुतो'. 'ज म लाव' म्हणजे 'मी अंग धुतो'. मधला 'म' क्रियेला कर्त्याकडे वळवतो. कर्ता बदलला की त्याच्या जागी 'त', 'स' अशी दुसरी रूपे येतात. याचे मराठी 'मी स्वतःला धुतो' असे केले, तर ते कानाला खटकते.

मला या 'म'ची खरी ओळख 'घेणे' या सहायक क्रियापदाने करून दिली. बीडमधील आमच्या घरी 'हात धुऊन घे', 'जेवून घे', 'अभ्यास करून घे' ही वाक्ये दिवसभर कानी पडत. 'अर्ज लिहून दिला' यात लिहिण्याचे फळ दुसऱ्याकडे जाते. 'अभ्यास करून घेतला' यात ते कर्त्याकडेच राहते. संस्कृतातील परस्मैपद आणि आत्मनेपद यांच्या मुळाशी हाच भेद आहे. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति'; ज्याला फळ मिळायचे तो करतो तेव्हा 'यजते'. आपला 'यजमान' हा शब्द या दुसऱ्या रूपातूनच आला आहे.

मात्र 'घेणे'चा आणखी एक उपयोग तुम्ही ध्यानात घ्यावा. 'मी घर बांधून घेतले' या वाक्यात विटा रचणारे हात गवंड्याचे आहेत, पण वाक्यात गवंडी नाही. 'मुकादमाने तोड करून घेतली' यात कोयता चालवणारे दिसत नाहीत. फळ कर्त्याकडे येते आणि श्रम करणारा वाक्याबाहेर राहतो. फ्रेंचमध्येही 'स' आणि 'फॅर' म्हणजे 'करणे' यांच्या जोडीने असा प्रयोग होतो: 'एल से फे ओपेरे', म्हणजे 'तिने शस्त्रक्रिया करून घेतली'.

हे वाक्य आपल्या जिल्ह्याला परके नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. खाडा पडला तर पैसे कापले जातात. ऊसतोड करणाऱ्या अनेक स्त्रियांचे गर्भाशय तरुण वयातच काढले गेल्याचे 2019 मध्ये राज्यभर चर्चेत आले, आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. गावात मात्र ही गोष्ट एका साध्या वाक्यात सांगितली जाते: 'तिने पिशवी काढून घेतली.'

आता या वाक्याचे व्याकरण पाहा. कर्ता 'ती'. 'घेतली' या क्रियापदामुळे फळही तिचेच ठरते. प्रत्यक्ष क्रिया करणारा डॉक्टर वाक्यात नाही. फडावर पाळीच्या दिवसांत पाण्यावाचून आणि आडोशावाचून होणारे हाल, खाड्याची धास्ती, डोक्यावरची उचल, कुणीतरी घातलेली कर्करोगाची भीती, यांपैकी एकालाही या वाक्यात विभक्ती मिळालेली नाही. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. म्हणूनच ते ऐकणाऱ्याला काही विचारावेसे वाटत नाही.

म्हणून आत्मवाचक प्रयोगाचा अभ्यास करताना तीन प्रश्न वेगळे ठेवा. क्रिया कोणी केली? फळ कोणाकडे गेले? आणि निर्णय कोणाचा होता? पहिल्या दोन प्रश्नांना भाषा काही ना काही उत्तर देते, मग ती फ्रेंच असो वा मराठी. तिसऱ्याचे उत्तर प्रत्ययात सापडत नाही. ते वाक्यातील माणसालाच विचारावे लागते.

स्वाध्याय म्हणून आपल्या परिसरात ऐकलेली 'घेणे'ची पाच वाक्ये वहीत लिहा. प्रत्येकापुढे हे तीन प्रश्न मांडा, आणि तिसऱ्याचे उत्तर कर्त्याला विचारल्याशिवाय लिहू नका.