एक सीट

आम्ही दोघे आयुष्यात पुष्कळ रांगांत उभे राहिलो. रेशनच्या, रॉकेलच्या, पासपोर्टच्या, आणि परदेशी फोन लागावा म्हणून टपाल कचेरीतल्या बाकापाशी लागणाऱ्या रांगेत. त्यामुळे रांगेबद्दल आता कुणी नवे काही शिकवील, असे वाटत नव्हते. पण ते शिकवले आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने, तेही थेट कॅलिफोर्नियात.

२०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही मुलीकडे गेलो होतो. तिचे घर अ‍ॅनाहाइमपासून जवळ. डिस्नेलँड याच गावात, १९५५ सालापासूनचे. त्याला लागूनच २००१ साली उघडलेले दुसरे उद्यान आहे, डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर. तिथे लाल डोंगरांचा एक मोठा देखावा उभारला असून त्यातून मोटारींची शर्यत धावते. तिचे नाव रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स. ही शर्यत २०१२ साली सुरू झाली आणि तेव्हापासून तिथली गर्दी हटलेली नाही. थँक्सगिव्हिंगची सुटी होती. दारावरच्या पाटीवर आकडा होता पंचाण्णव मिनिटे.

आम्ही पाच जण. मुलगी, जावई, नातू आणि आम्ही दोघे. दीड तास उभे राहायची आमची तयारी होती. सब्र हा आमचा जुनाच धंदा. पण नातू म्हणाला, "नाना, नानी, आपण सिंगल रायडरमधून जाऊ. वीस मिनिटांत आत."

मुलीने उलगडून सांगितले, "अम्मी, तिकडे एकट्या माणसांची वेगळी रांग असते. जिथे एखादी जागा रिकामी राहील तिथे एकेकाला बसवतात. आपण एका गाडीत नसू एवढंच. अब्बा, बाहेर पडल्यावर सगळे भेटूच की."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि एका सुरात 'नाही' म्हटले.

कारण विचारले तर आम्ही सांगितले की ही घुसखोरी झाली. दीड तास उन्हात उभ्या राहिलेल्या लेकुरवाळ्यांच्या पुढे जाऊन बसणे बरे दिसत नाही. हे कारण खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. खरे कारण पुढे येईल.

जावई इंजिनियर. ते शांतपणे समजावू लागले. या गाडीत सहा जण बसतात, तीन पुढे आणि तीन मागे. आपण पाच जण बसलो की एक जागा मोकळी राहते. ती जागा मागच्या चौघांच्या कुटुंबाला उपयोगाची नसते, कारण त्यांना एकत्र बसायचे असते. मग गाडी तशीच सुटते. अशा कितीतरी जागा दिवसभर रिकाम्या धावतात. एकट्या माणसाने त्या भरल्या तर मुख्य रांगेतल्या कुणाचाही एक क्षण वाया जात नाही. गाड्या तेवढ्याच सुटतात, वेगही तोच राहतो, फक्त रिकामी जाणारी जागा कामी येते.

"म्हणजे ही घुसखोरी नाही, अब्बा. घुसखोरी म्हणायचीच असेल तर ती तिकडची," असे म्हणून त्यांनी दुसऱ्या दाराकडे बोट दाखवले. तिथून जादा पैसे भरलेले लोक आत जात होते. १९९९ साली इथे फास्टपास नावाची चिठ्ठी फुकट मिळू लागली होती. ठरलेल्या वेळी यायचे आणि लवकर आत जायचे. २०२१ पासून तिच्या जागी पैशांची लाइटनिंग लेन आली. त्या दारातून जो पुढे जातो, त्याच्यासाठी साध्या रांगेतल्या माणसाला थोडे अधिक थांबावे लागतेच. एकट्यांच्या रांगेला मात्र पैसे पडत नाहीत. तिथे किंमत द्यायची ती सोबतीची.

एकट्यांच्या रांगेचे नियमही त्यांनी सांगितले. सात वर्षांखालच्या मुलाला एकटे बसवत नाहीत. शेजारी अमुकच हवा, असे मागता येत नाही. मुख्य रांग ज्या देखाव्यांतून वळत जाते, ते या रांगेतल्यांना बरेचसे पाहायला मिळत नाहीत. शिवाय वेळेची हमी नाही. कुटुंबेच तीन-तीन, सहा-सहाच्या हिशेबाने आली तर एकट्यांना जागाच उरत नाही. आणि लवकर जाता येते म्हणून सगळेच एकटे झाले, तर हीच रांग सर्वांत लांब होईल. बहुतेक माणसांना आपल्या माणसांशेजारी बसायचे असते, म्हणूनच काही थोड्यांना ही सवलत मिळते.

रांगेच्या या गणिताचे एक शास्त्रच आहे, असेही ते म्हणाले. डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने त्याचा पाया १९०९ साली घातला, तो कोपनहेगनच्या टेलिफोनवर येणाऱ्या कॉलचा अभ्यास करून. हे ऐकून आम्ही गप्प झालो. टेलिफोनची रांग म्हटल्यावर आम्हाला दुसरेच काही आठवले होते.

आता खरे कारण.

सिंगल हा शब्द आमच्या घरात १९८३ साली आला. लग्नाला दोन वर्षे झाली होती. आमच्यातला एक जण दम्मामला नोकरीवर गेला आणि दुसरी खेडला सासूसासऱ्यांपाशी राहिली. कुटुंबाचा व्हिसा देण्याइतका पगार नव्हता. सौदीत अशा माणसाला सिंगल म्हणत, नाहीतर बॅचलर. घरी बायको असो, चार मुले असोत, इकामा हातात घेऊन एकटा आलेला माणूस बॅचलरच. त्याची राहायची खोली बॅचलरांची. हॉटेलात त्याचे दार वेगळे. एका दारावर फॅमिली, दुसऱ्यावर सिंगल्स. फॅमिलीच्या दारामागे मुलांचे आवाज येत आणि सिंगल्सच्या दालनात मान खाली घालून जेवणारे पुरुष बसलेले असत. हॉटेलांना अशी दोन दारे ठेवण्याची सक्ती तिथे २०१९ च्या डिसेंबरात उठली. तोवर आम्हाला परत येऊन चौदा वर्षे झाली होती.

बावीस वर्षे हे चालले. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची सुटी. म्हणजे दहा सुट्या, वीस महिने. उरलेली वर्षे पत्रांवर गेली, कुणी गावचा माणूस निघाला की त्याच्या हाती पाठवलेल्या कॅसेटवर गेली आणि टपाल कचेरीतल्या त्या बाकावर गेली. फोन लागला की पहिले मिनिट 'आवाज येतोय का' यातच संपे. मुलीचा जन्म एका टोकाला कळला तो चार दिवसांनी. पहिल्यांदा बापाने तिला पाहिले तेव्हा ती चौदा महिन्यांची होती आणि परका माणूस बघून रडली होती.

आमच्या खाडीपट्ट्यात हे काही नवल नव्हे. दर दुसऱ्या घरात हीच कहाणी. घराला स्लॅब पडला, मुली शिकल्या, बहिणींची लग्ने झाली, ती अशाच रिकाम्या राहिलेल्या बाजूंच्या जोरावर. त्याबद्दल तक्रार नाही. अल्लाहने दिले, भरपूर दिले. पण २००५ साली आम्ही एका छपराखाली आलो तेव्हा एक गोष्ट ठरवली होती. ती कुणाला सांगितली नव्हती, एकमेकांनाही शब्दांत नाही. एस.टी.त, आगगाडीत, विमानात, कुठेही गेलो तरी शेजारी-शेजारी बसायचे. जागा नसेल तर पुढच्या गाडीने जायचे.

आणि इथे पोटची पोरगी सांगत होती, सिंगल व्हा, लवकर सुटाल.

हे सगळे तिला तिथे उभे राहून सांगणे शक्य नव्हते. पण तिच्या लक्षात आले असावे. ती आईचा हात धरून हळूच म्हणाली, "राहू दे अम्मी. आपण मोठ्या रांगेतच उभं राहू." नातवाचा चेहरा पडला. तोही हट्ट करीना. मुकाट उभा राहिला. ते मुकाट उभे राहणे आम्हाला बघवेना. त्याची आईही खेडच्या ओट्यावर सुटीची वाट पाहत अशीच उभी राहायची.

"चल," आम्ही म्हणालो, "बाहेर कुठे भेटायचं ते आधी ठरव."

त्याने दाराबाहेरची एक जागा बोटाने दाखवली. "इथे. जो आधी येईल त्याने हलायचं नाही."

एकट्यांची रांग भराभर सरकत होती. शेवटच्या फाटकापाशी गणवेशातली एक मुलगी दोन्हीकडे नजर ठेवून होती. मुख्य रांगेतल्यांना ती विचारी, "किती जण?" मग आमच्याकडे वळून एक बोट वर करी. आम्हाला एकदम हसू आले. खेडच्या स्टँडबाहेर सहा आसनी रिक्षावाला दुसरे काय करतो? पाच माणसे कोंबून झाली की तो रस्त्याकडे तोंड करून ओरडतो, "एक सीट, एक सीट!" आणि बाजाराची पिशवी घेतलेला एखादा एकटा माणूस धावत येऊन बसतो. एवढ्यासाठी सात समुद्र ओलांडून आलो होतो म्हणायचे!

आधी नातू गेला, मग जावई. मुलीला मागे ठेवले, आमच्या काळजीने. मग एक बोट आमच्यातल्या एकासाठी वर झाले आणि लगेच दुसरे बोट दुसऱ्या गाडीसाठी.

एका गाडीत पुढच्या ओळीत दोन तरुण पोरे होती. त्यांनी सरकून जागा दिली, पट्टा लावायला मदत केली. दुसऱ्या गाडीत एक बाई आणि तिची लहान मुलगी. बाई स्पॅनिश बोलत होती. आमच्या इंग्रजीसारखेच तिचे इंग्रजी. मुलीने एकदा डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिले आणि गाडी अंधारात शिरताच तिचे टोक मुठीत घट्ट धरले, ते शेवटपर्यंत सोडले नाही. तिच्या आईने ते पाहिले, ओशाळून हसली. आम्हीही हसलो. भाषेची गरज पडली नाही.

अंधारातले देखावे संपले, दोन गाड्या दोन रुळांवर शेजारी-शेजारी येऊन थांबल्या. इथून शर्यत. आणि मान वळवून पाहतो तो काय, पलीकडच्या गाडीत आमचेच माणूस! दोन हातांवर. गाड्या सुटल्या. वारा तोंडावर आला, डोंगर मागे पडू लागले, आणि पासष्टी गाठलेले आम्ही दोघे दोन गाड्यांतून एकमेकांना हाका मारत होतो. काय ओरडलो ते आता आठवत नाही. तिथे कधी ही गाडी पुढे जाते, कधी ती. त्या दिवशी ओढणीवाली गाडी जिंकली, आणि त्याची आठवण अजून रोज जेवताना करून दिली जाते.

बाहेर ठरल्या जागी नातू उभा होता. हलला नव्हता.

नोव्हेंबरात तिथे सूर्य पाचच्या आधी मावळतो. परतताना मगरिबसाठी आम्ही शेजारच्या गार्डन ग्रोव्हमधल्या मशिदीत गेलो. पोहोचलो तेव्हा इकामत होत होती. सफा भरत आल्या होत्या. इकडे पुरुषांत तसेच तिकडे बायकांत. पुढच्या सफेत एका माणसापुरती फट होती. शेजारच्या उंच आफ्रिकी नमाजीने मागे वळून पाहिले आणि हाताने खूण केली, या, इथे. खूण तशीच, एका माणसाची.

मकतबात लहानपणी ऐकलेले आठवले. सफ सरळ ठेवा, मधली फट भरा, पुढे जागा असताना मागे एकटे उभे राहू नका. तिथे कोण कुणासोबत आला हे कुणी विचारीत नाही. बापलेक आले तरी जागा असेल तिथे उभे राहतात. जादा पैसे देऊन पुढची सफ मिळत नाही. उद्यानातली रिकामी जागा भरतात ती नुकसान होऊ नये म्हणून. सफेतली भरतात ती खांद्याला खांदा लागावा म्हणून. फरक मोठा आहे. पण एकट्या माणसाची कुठेतरी एक जागा असते आणि कुणीतरी त्याला बोट वर करून बोलावते, हे दोन्हीकडे एकाच दिवशी पाहिले.

मराठीत आम्ही आणि आपण हे दोन वेगळे शब्द आहेत. आम्ही म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, आपण म्हटले की तो आत येतो. वीस वर्षांच्या दुराव्यानंतर आम्ही दोघांनी आम्ही हा शब्द फार घट्ट धरून ठेवला होता. ओढणीचे टोक धरणारी ती परकी पोर आणि खूण करणारा तो नमाजी, दोघांनी तो जरासा सैल केला.

रात्री मुलीने विचारले, "अम्मी, अब्बा, भीती वाटली का?"

आम्ही सांगितले, नाही वाटली. एकटे बसायची भीती कधीच नव्हती. दम्मामलाही नव्हती, खेडलाही नव्हती. तेव्हा बाहेर पडल्यावर कुठे आणि केव्हा भेटायचे, ते ठरलेले नसे.