गिरगावातून वॉटसनकडे

गिरगावातल्या सरदार वल्लभभाई पटेल रस्त्यावर आता कोरोनेशन थिएटर नाही. या रस्त्याचं नाव सँडहर्स्ट रोड होतं तेव्हा, ३ मे १९१३ रोजी, इथं दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मला त्याच्याही मागं जायचं होतं, म्हणून ठाकूरद्वारावरून चालत निघालो. धोबीतलाव ओलांडून बोरीबंदरला पोहोचलो, तो थेट १८९६ मध्ये. एक्सेलसियर सिनेमाच्या जागी तेव्हा नॉव्हेल्टी नाटकगृह होतं. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं जुलैच्या मध्याला इथं आली आणि देशी प्रेक्षकांना ती पाहता आली. त्याआधी, ७ जुलैला, ती वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकीट लावून दाखवली होती. तिथला प्रेक्षक मुख्यतः गोरा.

फोर्टातून काळ्या घोड्याला, त्या वॉटसन हॉटेलच्या इमारतीसमोर आलो आणि मान वर गेली ती बराच वेळ तशीच राहिली. बिडाचे खांब, बिडाच्या तुळया, मजल्यामजल्यांवर गॅलऱ्या. हे हॉटेल काढणारा जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरानं आराखडा केला, सांगाडा विलायतेत ओतला गेला, जहाजानं मुंबईत आला आणि इथं जोडून उभा केला. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. १८९६ च्या सुरुवातीला मार्क ट्वेन इथं उतरला होता. गॅलरीतल्या कावळ्यांवर त्यानं पुढं मोठ्या मायेनं लिहिलं. जमशेटजी टाटांना इथं प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट मुंबईत हमखास ऐकू येते. तिला भक्कम पुरावा नाही. ताज १९०३ मध्ये उघडलं आणि वॉटसनची सद्दी ओसरत गेली, एवढं मात्र खरं. पुढं हॉटेल गेलं, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं, खोल्यांचे तुकडे पडले, आणि कोर्ट जवळ असल्यानं वकिलांनी तिथं कचेऱ्या थाटल्या.

मला इथं खेचून आणलं ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी, म्हणजे सावेदादांनी. ते फोटोग्राफर. ल्युमिएरचे खेळ पाहून त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांचं स्वागतही टिपलं. फाळक्यांच्या आधी चौदा वर्षं एका मराठी माणसानं कॅमेऱ्याचा दांडा फिरवला होता. आपण आपला सिनेमा फाळक्यांपासून मोजायला लागतो, हे मला खटकतं.

२००५ मध्ये गॅलऱ्यांचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं इमारत रिकामी झाली; आयआयटीच्या अहवालानं ती पाडायला सांगितलं, वारसाप्रेमींनी विरोध केला. मी त्यांच्या बाजूचा आहे. बीड दुरुस्त करता येतं. या इमारतीत पुन्हा हॉटेल व्हावं असं मी म्हणत नाही. तळमजल्यावर एक छोटं सिनेमागृह व्हावं, त्याला सावेदादांचं नाव द्यावं, आणि तिकीट गिरगाव-लालबागच्या पोरांना परवडेल एवढंच ठेवावं.