चपटी की गोल?

मंडळी, जुन्या कॉम्प्युटरमधली ती चपटी, राखाडी पट्टी आठवते? आयडीई केबल. तिच्यात पिना ४०, पण तारा ८०! संदेश नेणाऱ्या दर दोन तारांमध्ये एक ग्राउंडची तार असते, वर्गात दोन बडबड्या मुलांमध्ये शांत मूल बसवावं तशी. म्हणून वेगाने माहिती जाताना एकीची कुजबुज दुसरीला ऐकू जात नाही.

गोल केबल दिसते नीटस, हवाही खेळती राहते. पण स्वस्तातल्या गोल केबलमध्ये हीच पट्टी उभी चिरून मोळी बांधलेली असते. मग कोण कुणाशेजारी बसलं, देव जाणे! प्रत्येक तारेला तिच्या ग्राउंडचा पीळ दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. पेटीबाहेरच्या ओढाताणीला मात्र गोलच बरी.

हे सांगायचं कारण, आमच्या २००२ सालच्या कॉम्प्युटरची पट्टी तुटली. ह्यांचं सगळं लिखाण त्याच डिस्कवर, कागदावर एक ओळ नाही. आणि आता विचारायला हेही नाहीत. भाचा म्हणाला, "मावशी, गोल आणतो, छान दिसेल." म्हटलं, बाबा रे, झाकण लावल्यावर बघतंय कोण?

चपटीच आणवली, ४५ सेंटिमीटरच्या आतली. लाल कडेची तार एक नंबरच्या पिनेकडे धरून त्याने ती बसवली. डिस्क घरघरली. पहिली फाईल उघडली ती २००५च्या दिवाळीच्या किराण्याची यादी... साखर ५ किलो!