महीनच्या घोड्यांचे वकीलपत्र

आवडत्या गोष्टीचे वकीलपत्र घेऊ नये, असे शहाणी माणसे सांगतात. वकिलाला अशिलाचे गुण सांगून भागत नाही, प्रतिपक्षाचे दोषही हुडकावे लागतात. आणि त्या हुडकण्याच्या नादात मूळची आवड केव्हा मागे पडली, ते त्याचे त्यालाही उमगत नाही. मराठीच्या एका अध्यापकाने असे एक वकीलपत्र कितीतरी वर्षे सांभाळले. अशील होता कलकत्त्याचा एक रॉक बँड, आणि न्यायासन होते उत्तरेकडील एका विद्यापीठाच्या भाषाविभागातील चहाचे टेबल.

1996 साली बंगाली शिकण्याच्या निमित्ताने तो काही महिने कलकत्त्यास राहिला होता. क्रियापदांची रूपे कानावरून जावीत, एवढ्याच व्यावहारिक हेतूने त्याने एक कॅसेट विकत घेतली. तिचे नाव होते ‘आबार बछर कुडि परे’, म्हणजे ‘पुन्हा वीस वर्षांनंतर’. वेष्टनावर लिहिले होते, ‘महीनेर घोडागुलि संपादित’. गाण्यांची कॅसेट आणि तीही ‘संपादित’, याचे त्याला नवल वाटले. शिवाय मराठी कानाला महीन म्हणजे तलम. हे तलम घोडे कोणते, असे त्याने घरमालकांना विचारले, तेव्हा ते वृद्ध गृहस्थ हसले. महीन हे माणसाचे नाव. जीवनानंद दासांच्या ‘सातटि तारार तिमिर’ या 1948 च्या संग्रहात ‘घोडा’ नावाची कविता आहे. तीत कार्तिकातल्या चांदण्यात महीनचे घोडे चरतात, जणू अश्मयुगातले घोडे गवताच्या ओढीने अजून या पृथ्वीवर रेंगाळले आहेत.

त्या घोड्यांचे नाव घेऊन 1975 साली कलकत्त्यात सात तरुण एकत्र आले. त्यांचा म्होरक्या गौतम चट्टोपाध्याय. नक्षलबारीच्या चळवळीत ओढला जाऊन तुरुंगवास भोगून आलेला, गिटारइतकाच बाउलांच्या एकतारीत रमणारा असा हा माणूस. बंगालमध्ये तेव्हा गाणे म्हणजे रवींद्रसंगीत, नजरुलगीती, नाहीतर चित्रपटगीत. आणि गिटार-ड्रमवरचे गाणे म्हणजे पार्क स्ट्रीटवरच्या उपाहारगृहांतले इंग्रजी गाणे. बंगाली भाषेत, आपल्या शहराविषयी, आपल्या अस्वस्थतेविषयी, गिटार, व्हायोलिन, बासरी आणि सॅक्सोफोन यांच्या साथीने गावे, असे या मंडळींना वाटले. 1977, 1978 आणि 1979 अशा लागोपाठ तीन वर्षांत त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या. पहिलीचे नाव ‘संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक’. एखाद्या लघुअनियतकालिकाच्या मुखपृष्ठावर शोभावे असे हे नाव गाण्याच्या तबकडीवर पाहून ग्राहक बुचकळ्यात पडले असल्यास नवल नाही. खप बेताचाच झाला. 1981 मध्ये बँड विसर्जित झाला आणि मंडळी पोटापाण्यासाठी पांगली.

चौदा वर्षांनी, 1995 मध्ये, गौतमने जुन्या-नव्या गाण्यांची ती कॅसेट सिद्ध करून कलकत्ता पुस्तक-मेळ्यात प्रकाशित केली. त्यात इतर तरुणांची गाणीही होती, म्हणूनच ती ‘संपादित’. संपादक जसा नवोदितांच्या कविता वेचतो, तशी याने गाणी वेचली. पूर्वी ज्यांना कोणी विचारले नव्हते, ते घोडे आता घराघरांत शिरले. पुढल्या चार वर्षांत आणखी तीन संपादित संग्रह आले, आणि 1999 मध्ये गौतम चट्टोपाध्याय गेला.

अध्यापक विद्यापीठात परतला तो ती कॅसेट घेऊन. चहाच्या टेबलाशी त्याला तीन प्रतिपक्षी भेटले.

पहिले धारवाडचे, ख्यालाचे कट्टर उपासक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, यात स्वर लागत नाही. दुसरा इंग्रजीचा तरुण व्याख्याता, पाश्चात्त्य रॉकमध्ये आकंठ बुडालेला. त्याला ढोल पोकळ वाटे, ध्वनिमुद्रण डब्यातल्यासारखे वाटे, आणि जे मूळ इंग्रजीत उत्तम उपलब्ध आहे त्याची बंगाली नक्कल कशासाठी ऐकावी, असा त्याचा रोकडा प्रश्न होता. तिसऱ्या बंगालीच्या ज्येष्ठ प्राध्यापिका, ज्यांना सारा विभाग ‘दीदी’ म्हणे. त्यांचे बालपण शांतिनिकेतनात गेले होते. चहा गाळताना त्या हलक्या आवाजात रवींद्रनाथांचे काहीतरी गुणगुणत. त्या कॅसेट ऐकून एवढेच म्हणाल्या, “मुले बुद्धिमान आहेत, पण याला गाणे म्हणू नये.”

वकिलाने कंबर कसली. धारवाडकरांना त्याने सांगितले, की ज्यांच्या नावाने आपण कान धरता त्या मल्लिकार्जुन मन्सुरांची उमेदवारी नाटक कंपनीतच झाली. आणि 1880 च्या ‘शाकुंतला’पासून मराठी रंगभूमीने लावणी, कीर्तन, कर्नाटकी चाली असे मिळेल तिथून घेतले म्हणून तर नाट्यसंगीत उभे राहिले. इंग्रजीच्या व्याख्यात्याला त्याने सुनावले, की या बँडने डिलनचे नाव लपविलेले नाही. ‘हाय भालोबासि’ या गाण्यात पिकासो, बीटल्स, डिलन, बेथोवन यांच्या पंक्तीला रविशंकर आणि अली अकबरही बसले आहेत. पहाटेच्या धुक्यात घरी परतण्याची आवडही तिथेच सांगितली आहे, आणि इतके सारे आवडूनही काहीच का आवडत नाही, हा त्या गाण्याचा खरा प्रश्न आहे. नक्कल करणारा असा प्रश्न विचारत नाही. आणि टिंगलीचे काय? ‘शनिबारेर चिठि’तून सजनीकांत दास वर्षानुवर्षे जीवनानंदांची टवाळी करीत होते, बुद्धदेव बसू मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आज कोण उरले?

“टवाळी झालेले सगळेच काही जीवनानंद ठरत नाहीत,” व्याख्याता शांतपणे म्हणाला. “पुष्कळांची टवाळी योग्यच असते.”

हे उत्तर बिनतोड होते. पण वकील हरलेला मुद्दा कबूल करीत नसतो. तो दीदींकडे वळला. रवींद्रनाथांनी ‘पुरानो सेइ दिनेर कथा’ला स्कॉटिश लोकगीताची चाल घेतली, ‘वाल्मीकिप्रतिभे’त विलायती सूर आणले, ‘आमार सोनार बांग्ला’ गगन हरकराच्या बाउल चालीवर रचले. मग त्याच मिश्रणाचा पुढला टप्पा आपल्याला अपवित्र का वाटावा? इथवर युक्तिवाद चोख होता. इथे थांबायला हवे होते. परंतु बोलण्याच्या भरात तो पुढे म्हणाला, “तुम्ही लोकांनी रवींद्रनाथांना काचेच्या कपाटात ठेवून किल्ली आपल्याकडे ठेवली आहे. देवव्रत विश्वासांसारख्या गायकाची ध्वनिमुद्रणे नामंजूर करणारे तुम्हीच ना?”

टेबल एकदम शांत झाले. दीदींनी कप खाली ठेवला. “जॉर्जदांच्या त्या तबकड्या,” त्या म्हणाल्या, “माझ्या वडिलांनी नामंजुरीच्या निषेधार्थ दोन-दोन विकत घेतल्या होत्या. घरात पैसे नव्हते तेव्हा.” मग त्या तासाला निघून गेल्या.

खटला जिंकल्यासारखा त्या दिवशी तो घरी गेला. काहीतरी चुकते आहे, हे लक्षात यायला महिना लागला. टेबलाशी आता नुसता पेल्यांचा आवाज होई. चहा गाळताना दीदी गुणगुणत नव्हत्या. एका गाण्याच्या बचावासाठी त्याने दुसरे गाणे बंद पाडले होते.

तो क्षमा मागायला गेला, तेव्हा त्यांनी मागचे काही काढू दिले नाही. फक्त विचारले, “तुम्ही जीवनानंद सांगितले, नाट्यसंगीत सांगितले, रवींद्रनाथ तर मलाच सांगितले. त्या गाण्यात तुम्हाला काय ऐकू येते, ते मात्र कधी सांगितले नाही.”

प्रश्न साधा होता आणि त्याला उत्तर सुचेना. इतके दिवस तो आपल्या आवडीसाठी मोठ्या घराण्यांची शिफारसपत्रे गोळा करीत होता. कवितेतले नाव घेतले म्हणून गाणे काव्य ठरत नाही, की रवींद्रनाथांनी परके सूर घेतले म्हणून कोणाचेही घेणे सार्थ ठरत नाही. शिफारसपत्रे दाखविणाऱ्याला स्वतःच्या माणसाविषयी आतून थोडी लाजच वाटत असते. ढोल पोकळ आहे, ध्वनिमुद्रण सामान्य आहे, गळे तयारीचे नाहीत, हे त्यालाही ऐकू येत होते. ते मान्य करूनही जे उरत होते, ते त्याने कोणाला सांगितले नव्हते. कारण तो काही युक्तिवाद नव्हता.

मग त्याने सांगितले. कलकत्त्यास असताना दर रविवारी रात्री तो एस.टी.डी. बूथवर रांगेत उभा राही. दर कमी असत, म्हणून गर्दी फार. पाळी आली की साताऱ्याला आईशी बोलणे. पहिले काही आठवडे बोलायला वेळ पुरत नसे. पुढे पुढे मात्र जेवलास का, पाऊस आहे का, याच्या पलीकडे शब्द फुटेनासे झाले. समोर मीटरवरचे तांबडे आकडे धावत असत, तिकडे आई गप्प आणि इकडे तो गप्प. एकदा असाच फोन ठेवून तो खोलीवर आला आणि त्याने कॅसेट लावली. ‘पृथिवीटा नाकि’ हे गाणे त्याने क्रियापदांसाठी अनेकदा ऐकले होते. उपग्रह आणि केबल यांच्या मुठीत जग लहान होत होत दिवाणखान्यातल्या मूर्ख खोक्यात मावू लागले आहे, असे ते गाणे म्हणते. आणि मग आवाज न चढविता, मांजराच्या पावलांनी, तारकांमधल्या प्रकाशवर्षांच्या अंतरावर येते, की तू आणि मी तितकेच हळूहळू दूर सरकत चाललो आहोत. त्या रात्री त्याने क्रियापदे मोजली नाहीत. गाणाऱ्याचा गळा तयारीचा नव्हता, हेच त्याला बरे वाटले. तयारीच्या गळ्याने ते दुःख सजविले असते.

दीदींनी सारे ऐकून घेतले. “गाणे मला अजूनही आवडत नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितले असते, तर मी वाद घातला नसता.”

2006 मध्ये ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटात तीच चाल ‘भीगी भीगी’ होऊन आली, आणि वसतिगृहाच्या प्रत्येक खिडकीतून ऐकू येऊ लागली. धारवाडकरही नकळत ती घोळवू लागले. जुन्या वकिलाला हा विजयदिन वाटायला हवा होता. तो मात्र खिन्न झाला. चाल जगली होती, पण लहान होत जाणारे जग आणि दूर सरकणारी दोन माणसे वाटेत कुठेतरी उतरून गेली होती. इंग्रजीच्या व्याख्यात्याने, आता तो तितका तरुण राहिला नव्हता, जिन्यात गाठून विचारले, “ते मूळ बंगाली मला पुन्हा ऐकवाल? शब्दांसकट.” त्या संध्याकाळी अध्यापकाने एकही संदर्भ न देता, ओळ न् ओळ अर्थ सांगत ते गाणे ऐकविले. व्याख्याता शेवटी म्हणाला, “ढोल पोकळच आहे.” आणि पुन्हा लावायला सांगितले.

दीदी निवृत्त होऊन कलकत्त्यास गेल्या. घोडे एकेक करून कमी होत होते. 2020 मध्ये रंजन घोषाल गेले. 2023 च्या जून महिन्यात मूळच्या सातांपैकी तापस दास कर्करोगाने गेले. दुसऱ्या दिवशी अध्यापकाला दीदींचा फोन आला. त्या ऐंशीच्या घरात होत्या. बातमी वाचली, तुमची आठवण झाली, असे म्हणाल्या. मग दोघांनाही पुढे काय बोलावे ते सुचेना. आता मीटर नव्हता, आकडे धावत नव्हते, तरी तीच जुनी शांतता तारेवर उभी राहिली.

थोड्या वेळाने पलीकडून हलका, थकलेला आवाज येऊ लागला. दीदी गुणगुणत होत्या. गाणे रवींद्रनाथांचे होते. त्याने ते शेवटपर्यंत ऐकले, आणि काही बोलला नाही.