निरंक रात्रींचा हिशेब

ग्रहण केव्हा लागणार हे पंचांग सांगते. गॅमा किरणांचा स्फोट केव्हा होणार, हे कोणतेही पंचांग सांगू शकत नाही. एखाद्या महाकाय ताऱ्याचा अंत होतो, वा दोन मृत तारे एकमेकांवर आदळतात, आणि काही क्षण गॅमा किरणांचा लोट येतो. अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या 'वेला' उपग्रहांनी 1967 साली तो प्रथम टिपला.

हे किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. मात्र त्यांतले अतिप्रखर किरण वातावरणाच्या वरच्या थरांत कणांचा वर्षाव घडवितात व त्यातून निळसर चेरेंकोव्ह प्रकाश सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता चमकतो. तो टिपण्यासाठी कॅनरी बेटांतील ला पाल्मा येथे 17 मीटर व्यासाच्या दोन 'मॅजिक' दुर्बिणी आहेत. उपग्रहाची वर्दी मिळताच झटकन वळता यावे, म्हणून त्यांचा सांगाडा हलक्या कार्बन-तंतूंचा केला आहे. तरीही वर्षानुवर्षे वर्दी येई, दुर्बीण वळे आणि निर्विवाद असे काही हाती लागत नसे.

आम्ही मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत आयुष्य घालविले. कळविण्याजोगे काही नसले की तक्त्यात 'निरंक' लिहून पाठवीत. आमच्या सहीने असे किती कागद गेले, याची गणती नाही. वरच्या कचेरीत ते कोणी वाचले असतील, असे वाटत नाही. या शास्त्रज्ञांचे निरंक मात्र निराळे. 'प्रखर किरण असलेच, तर ते अमुक मर्यादेहून कमी होते,' असा आकडा ते रिकाम्या रात्रीनंतरही प्रसिद्ध करीत. स्फोट फार दूरचा असेल, तर वाटेत पसरलेल्या तारकाप्रकाशाशी टकरून हे किरण नाहीसे होतात, हेही त्या हिशेबात धरलेले असे. त्या आकड्यांवर सिद्धान्त पारखले जात.

14 जानेवारी 2019 रोजी वर्दी आली. स्फोटानंतर सुमारे एका मिनिटात दुर्बिणी रोखल्या गेल्या आणि साडेचार अब्ज वर्षे प्रवास केलेले किरण स्पष्ट दिसले. दृश्य प्रकाशकणाच्या हजारो कोटी पट त्यांची ऊर्जा होती. नामिबियातील 'हेस' दुर्बिणींनाही जुलै 2018 मधील एका स्फोटाची खूण दहा तासांनंतर सापडली होती. दोन्ही शोध नोव्हेंबर 2019 मध्ये प्रसिद्ध झाले.

लडाखमधील हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 21 मीटर व्यासाच्या 'मेस' दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर 2024 मध्ये झाले. हैदराबादच्या ईसीआयएलचाही तिच्या उभारणीत हातभार आहे. तिच्या नोंदवहीतही निरंक रात्री पुष्कळ असतील. त्या कोणीतरी वाचणार आहे, एवढ्यानेच आम्हांस तेथे काम करणाऱ्यांचा हेवा वाटतो.