आंधळ्याचं सोंग

आमच्या भागात खुनाचे सिनेमे किती आवडीनं पाहिले जातात, याचा अंदाज शहरातल्या समीक्षकांना बहुतेक नसावा. उमापूर हे गेवराई तालुक्यातलं गाव. शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत मोटार चालू करून बांधावर बसलेला माणूस झोप येऊ नये म्हणून मोबाइलवर सिनेमा लावतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली पोरं कोपीत पडल्यापडल्या अर्धा सिनेमा बघतात, उरलेला दुसऱ्या रात्री. आणि लावतात काय? ज्यात एक खून आहे, मग दुसरा आहे, आणि शेवटी असं काहीतरी निघतं की पडलेला माणूस उठून बसतो.

दिवसभर कोयता चालवणाऱ्या, मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या माणसाला रात्री पुन्हा रक्त कशाला बघायचं असतं? 'टाइमपास, डोकं बाजूला ठेवून बघायचं,' हे नेहमीचं उत्तर. मला ते पटत नाही. डोकं बाजूला ठेवून मारधाडीचा सिनेमा बघता येतो. वळणावळणाचा खुनाचा सिनेमा नाही बघता येत. दोन मिनिटं दारं मोडायला गेलात, की परत आल्यावर विचारावं लागतं, "हा कधी मेला?" म्हणजे या सिनेमाला प्रेक्षक लागतो तो सावध, एकेक गोष्ट टिपून ठेवणारा. साक्षीदारासारखा.

आमच्या लहानपणी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणून, वर्गणी काढून रात्रभरात तीन सिनेमे बघायची पद्धत होती. त्यात खलनायक पहिल्या रिळापासून ओळखू यायचा. खुनी कोण, हे शेवटपर्यंत लपवणारे सिनेमे त्या मानानं कमी. १९९७ साली 'गुप्त' आला. एक पोरगा तो बीडला जाऊन बघून आला आणि चौकात सगळ्यांसमोर सांगून मोकळा झाला की खून काजोल करते. त्याला पोरांनी किती धुतला! पुढं काजोलला त्या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा खलनायकाचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी ती पहिलीच बाई. आमच्या त्या पोराला मात्र मारच मिळाला. पाहिलेलं सांगायचं नसतं, हा धडा तो असा शिकला.

आता ज्या सिनेमाबद्दल लिहायचं आहे त्याकडे येतो. श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन'. ५ ऑक्टोबर २०१८ ला प्रदर्शित झाला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी आधी पाहावा आणि मग पुढचं वाचावं, नाहीतर चौकातल्या पोरासारखी माझी गत व्हायची.

सिनेमा पुण्यात घडतो. मूळ कल्पना एका छोट्या फ्रेंच लघुपटातून घेतलेली, पण राघवन यांनी ती पुण्याच्या बंगल्यांत, रिक्षांत आणि पोलीस चौकीत अशी रुजवली आहे की परकी वाटत नाही. पहिलंच दृश्य पानकोबीच्या शेतातलं. बंदूक घेतलेला एक माणूस सशाच्या मागं लागलाय. रानडुकरांपासून पीक राखणारा आमच्याकडचा प्रेक्षक तिथंच सिनेमाशी जोडला जातो. हा ससा पुढं दीड-दोन तास कुणाला आठवत नाही आणि शेवटी सगळ्या गोष्टीचा निकाल त्याच्यावर येऊन पडतो.

आकाश (आयुष्मान खुराना) पियानो वाजवतो आणि आंधळा असल्याचं सोंग करतो. वादनात एकाग्रता यावी म्हणून, असं त्याचं म्हणणं. एका जुन्या सिनेनटाच्या घरी लग्नाच्या वाढदिवसाला वाजवायचं त्याला बोलावणं येतं. हा नट म्हणजे अनिल धवन. दार उघडते नटाची बायको सिमी, म्हणजे तब्बू. आकाश पियानोवर बसतो आणि त्याला दिसतं की नट मरून पडलाय, आणि खुनात सामील असलेला माणूस अजून घरातच आहे. आता करायचं काय? तो वाजवत राहतो. त्याच्या डोळ्यांसमोर ते दोघं मुडदा उचलतात, रक्त पुसतात. संवाद नाही, फक्त पियानो. आकाशचे डोळे उघडे आहेत, पण त्यांत काही दिसल्याची खूण उमटू द्यायची नाहीये.

मग तो धीर करून पोलीस ठाण्यात जातो. खून झालाय, एवढं सांगायला. आणि तिथं साहेबाच्या खुर्चीपाशी त्याला जो दिसतो, तो त्या घरात लपलेला माणूसच. इन्स्पेक्टर मनोहर. आकाश काहीतरी थाप मारतो आणि निघून येतो.

हा सिनेमा आम्ही घरात दहा-बारा जणांनी मिळून पाहिला. माझा भाचा पुण्यात शिकायला असतो. तो वैतागून म्हणाला, "हा वरच्या साहेबाकडं का जात नाही? पेपरात का देत नाही?" खाटेवर पडलेल्या मामूंनी मान न वळवता उत्तर दिलं, "जाको किसकू बोलेगा? ठाने में तो वोइच बैठा है ना!"

खोलीतली बाकीची माणसं हसली. त्यांना प्रश्न पडलाच नव्हता. पडद्यावरचा सगळ्यात मोठा धक्का भाच्यासाठी होता. मामूंच्या पिढीला तो ओळखीचा रस्ता वाटला.

मला वाटतं, या सिनेमाची गावाकडची ओढ इथं आहे. शहरात खुनाची गोष्ट 'कुणी केलं' या प्रश्नावर चालते. गावात तो प्रश्न सहसा नसतो. बांधावरून कुऱ्हाड चालली की संध्याकाळपर्यंत साऱ्या शिवाराला माहीत असतं कुणी चालवली. न कळणारी गोष्ट वेगळीच असते: हे बोलणार कोण, आणि बोललं तर त्याचं पुढं काय होणार? 'अंधाधुन'मध्येही खुनी कोण हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. तिथून पुढं धाकधूक असते ती फक्त पाहणाऱ्याची.

आमच्या गोदाकाठानं हे सोंग जुन्या काळापासून पाहिलेलं आहे. पैठण इथून काही फार लांब नाही. एकनाथांच्या भारुडांत आंधळ्याचं सोंग आहे. गावात सप्त्यात भारूड असलं की आम्ही मुसलमानांची पोरंही पुढं जाऊन बसायचो. काठी टेकत आंधळा आला की हसू फुटायचं, कारण तो आपल्याच गल्लीतला माणूस आहे आणि त्याला चांगलं दिसतं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. नाथांचा रोख मात्र पाहणाऱ्यांवर असायचा. डोळे असून तुम्हाला तरी कुठं दिसतं?

माझ्या अब्बांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. एकदा एका शेतात मोटार बसवायला गेले असताना शेजारच्या बांधावर भांडण पेटलं आणि एकाच्या डोक्यात कुऱ्हाड बसली. पाहणारे चौघे होते. चौघांनीही जबाब दिला. जखमी माणूस वाचला, पण केस उभी राहिली. मग दुकानावर माणसं येऊ लागली. दमदाटी कुणी केली नाही. चहा मागवायचे, तब्येत विचारायचे आणि उठता उठता म्हणायचे, "चाचा, तुम्ही कशाला यात पडता? तुम्हाला काय दिसलं असणार एवढ्या लांबून?" म्हणजे आंधळ्याचं सोंग करा, एवढंच सांगणं होतं. करणाऱ्याची सोयही पाहिली होती. अंतर जास्त होतं, ऊन डोळ्यांवर होतं, काही म्हणा.

केस उभी राहीपर्यंत काही वर्षं गेली. दोघं साक्षीदार फितूर झाले. एकानं आपण त्या दिवशी गावातच नव्हतो असं सांगितलं. अब्बांनी पाहिलं ते सांगितलं. आरोपी सुटले. त्यांच्या भावकीतली आणि ओळखीतली शेतकरी मंडळी मोटारी दुसरीकडं टाकू लागली, त्या परत आल्या नाहीत. अम्मी बरेच दिवस कुरकुरत होती. अब्बा एवढंच म्हणायचे, "देखा था, तो बोला." आमच्याकडं साक्षीला शहादत म्हणतात, आणि जीव देण्यालाही शहादतच. दोन्हींचा धातू एकच. लहानपणी मला हा भाषेतला योगायोग वाटायचा.

योगायोगाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 'अंधाधुन' आल्यावर बरोबर दोन महिन्यांनी, ५ डिसेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि ती देशभर लागू केली. आसाराम खटल्यातल्या साक्षीदारांवर हल्ले झाले होते, त्यातून ती याचिका आली होती. धोका किती आहे ते पाहून साक्षीदाराला पोलीस संरक्षण द्यायचं, गरज पडली तर ओळख लपवायची, दुसरीकडं राहायची सोय करायची, अशी ती योजना. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम ३९८ मध्ये, प्रत्येक राज्यानं अशी योजना करावी असं म्हटलं आहे. कागद चांगला आहे. पण उमापुरात ओळख लपवायची म्हणजे नेमकं काय करायचं? इथं माणूस चालण्यावरून ओळखतात. आणि दुसरीकडं राहायला जायचं तर जमीन सोबत नेता येत नाही.

बीड जिल्ह्यात राहून खुनाच्या सिनेमावर लिहायचं आणि मस्साजोगचं नाव घ्यायचं नाही, हे होणार नाही. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. गावाजवळच्या पवनचक्की प्रकल्पावर सुरक्षारक्षकाला मारहाण झाली, तेव्हा ते मध्ये पडले होते. खंडणीच्या आड आले म्हणून त्यांना मारलं, असं आरोपपत्र म्हणतं. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्यापुढं मी जात नाही. पण मार्च २०२५ मध्ये आरोपपत्रातले फोटो बाहेर आले, तेव्हाचे दिवस विसरता येत नाहीत. मारणाऱ्यांनीच ते काढले होते, असं तपासात पुढं आलं. बांधावर बसून वीस-वीस मुडद्यांचे सिनेमे पाहणाऱ्या पोरांनी ते फोटो उघडले आणि मोबाइल पालथा ठेवला. एक जण मला म्हणाला, "भाई, ह्याच्यात तर लपवायचंबी काही नाही." त्याला ते बरोबर दिसलं होतं. सिनेमात खुनी रक्त पुसतो, कारण त्याला कुणीतरी पाहील याची भीती असते. इथं पाहणाऱ्यांची भीती उरलेली नव्हती.

म्हणून रक्तानं भरलेले सिनेमे बघून आमची पोरं बिघडतील, ही काळजी मला फारशी वाटत नाही. पडद्यावरच्या खुनात निदान एक गोष्ट पक्की असते: पाहणारा महत्त्वाचा असतो. त्याच्या डोळ्यांना खुनी घाबरतो. त्याला विकत घ्यायला, फसवायला, खरोखर आंधळं करायला जीव तोडून धडपडतो. सिमी नेमकं तेच करते. ज्या भागात पाहणाऱ्याला कुणी मोजतच नाही, तिथल्या माणसाला हे बघावंसं वाटलं तर नवल काय?

'अंधाधुन'चा शेवट आमच्या घरात अजून भांडणाचा विषय आहे. युरोपातल्या एका रस्त्यावर आकाश काठी टेकत चाललाय, वाटेत पत्र्याचा डबा येतो आणि तो काठीनं नेमका उडवतो. म्हणजे त्याला दिसतंय. मग ससा आणि अपघाताची जी गोष्ट त्यानं आत्ताच सोफीला, म्हणजे राधिका आपटेला, सांगितली, ती किती खरी? भाचा म्हणतो, सगळी खोटी. मामू म्हणतात, खरं असो की खोटं, पोरगा जिवंत सुटला ना, बस झालं.

अब्बांनी वादात भाग घेतला नाही. त्यांनी एकच विचारलं, "इसकू कोर्ट में नहीं बुलाए क्या?" आकाशला कुणीच बोलावलं नव्हतं. अब्बांना अकरा तारखांना बोलावलं होतं. दर वेळी ते दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा सदरा घालून सकाळच्या एसटीनं जायचे.