इडली, तमिळ चित्रपट आणि आमचे नाना

घरातील वडीलधाऱ्या माणसाचे ताट इतरांच्या ताटापासून नेमके कधी वेगळे झाले, हे तुम्हाला सांगता येईल का? बहुधा येणार नाही. आधी मीठ कमी होते, मग तिखट जाते, मग दाढा जातात आणि त्यांच्याबरोबर भाकरी जाते. शेवटी सर्वजण पिठले-भाकरी खात असताना मऊ भाताची एक वाटी तेवढी निराळी मांडलेली असते. कानांचेही तसेच होते. मालिकेतील एखाद्या संवादावर सारे घर हसते आणि त्यांच्या तोंडांकडे पाहून एक माणूस क्षणभर उशिरा हसतो. ते उशिराचे हसू ज्यांनी आपल्या घरात पाहिले आहे, त्यांच्याशी मला बोलायचे आहे.

माझे सासरे, ज्यांना सारे गाव नाना म्हणते, ८६ वर्षांचे आहेत. आम्ही हिर्डोशीला राहतो. भोरहून वरंध घाटामार्गे महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. जवळच नीरा-देवघर धरणाचे पाणी, भोवती भाताची खाचरे आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस धुके. गावात डोशाचा तवा नाही आणि आमच्या घरात तमिळ कोणालाही येत नाही. तरीही गेल्या तीन वर्षांत नानांना ज्या दोन गोष्टींनी उभारी दिली, त्या म्हणजे दाक्षिणात्य उपाहारगृहातील खाणे आणि तमिळ चित्रपट, असे माझे ठाम मत आहे. औषधे आहेतच, त्यांचे श्रेय मी कमी करीत नाही.

याला थोडी पूर्वपीठिका आहे. आमच्या मावळातील घराघरांतून माणसे पोटासाठी मुंबईला गेली. नानाही १९६० च्या सुमारास गेले आणि माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात लागले. माटुंग्यात तमिळ वस्ती मोठी. स्टेशनाजवळचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढत आलेले. पगाराच्या दिवशी तेथे पोटभर जेवायचे आणि सुटीच्या दिवशी सोबतच्या तमिळ कामगारांबरोबर अरोरा चित्रपटगृहात जायचे, हा नानांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. भाषेचे काय करीत होता, असे विचारले की म्हणतात, "भाषा कशाला पाहिजे? तोंडं दिसत होती की."

या वाक्यात किती अर्थ भरला आहे, हे त्यांना ऐकू येईनासे झाल्यावर मला उमगले.

आधी खाण्याविषयी. काचबिंदू आणि मधुमेह यांच्या तपासणीसाठी आम्ही दर तीन महिन्यांनी पुण्याला जातो. पहाटे निघायचे, भोर, कापूरहोळ करीत कात्रज गाठायचे, रांगेत बसायचे. परतताना नानांना उपाहारगृहात नेण्याचा प्रघात मी पाडला, तेव्हा नातेवाइकांनी नावे ठेवली. म्हाताऱ्या माणसाला बाहेरचे कशाला, घरचा डबा काय वाईट होता, वगैरे. घरचा डबा वाईट नव्हताच. पण डब्यात नानांचा भात वेगळा असे. उपाहारगृहाच्या टेबलावर मुलगा, नात, मी आणि नाना यांच्यापुढे सारखीच इडली येते. दात असलेल्यालाही ती मऊ आणि नसलेल्यालाही मऊ. पथ्याचे म्हणून कोणाला काही वेगळे वाढलेले नसते.

पुण्यात या उपाहारगृहांची परंपरा जुनी आहे. कै. जगन्नाथ शेट्टी यांचे फर्ग्युसन रस्त्यावरचे 'वैशाली' आरंभी 'मद्रास हेल्थ होम' या नावाने चालत असे. आपण सर्रास 'मद्रासी' म्हणतो ते खाणे बहुतांशी उडुपीचे, म्हणजे कर्नाटकाच्या किनाऱ्याचे असते, हे नानांचे पालुपद. सांबाराबाबत तर त्यांचा अभिमान विचारू नये. तंजावरच्या मराठा राजांच्या मुदपाकखान्यात आमटीला आमसूल मिळाले नाही म्हणून चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावावरून त्या पदार्थाला सांबार म्हणू लागले, ही आख्यायिका ते वेटरलाही ऐकवतात. इतिहासाचा पुरावा म्हणून ती घेऊ नये. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरात मराठ्यांचे राज्य होते, एवढे मात्र खरे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर पुण्यातील बरेचसे सांबार गोडसर असते आणि डोशात शेजवान चटणी भरणाऱ्याला काही शिक्षा असावी.

आता सांभाळणाऱ्यांसाठी काही जपण्याच्या गोष्टी. इडली हलकी असते, पण हलकी म्हणजे साखर न वाढवणारी, असे नव्हे. तांदळाचा आंबवलेला, वाफवलेला पदार्थ लवकर पचतो आणि रक्तातील साखरही लवकर वाढवतो. नानांना दोन इडल्या आणि त्यांच्याबरोबर डाळ व भाज्या असलेले वाटीभर सांबार, एवढेच आम्ही देतो. मेदुवडा ते नातीच्या ताटलीतून तुकडाभर घेतात. तो तुकडा मी मोजत नाही. मिठाचे गणित अधिक अवघड. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, मीठ सांगते. सांबार, चटणी आणि इडलीचे पीठ या तिन्हींत मीठ असतेच. म्हणून त्या दिवशी घरी लोणचे, पापड नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डाळ, टोमॅटो आणि नारळ यांतील पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

ज्यांच्या घरी पक्षाघाताचे किंवा कंपवाताचे रुग्ण आहेत, त्यांनी हे अवश्य वाचावे. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाला पातळ आणि घट्ट एकाच घासात आले की ठसका लागण्याचा धोका वाढतो. सांबारात तरंगणारी इडली नेमकी तशीच असते. इडली सांबारात पूर्ण कुस्करून एकजीव होऊ द्यावी; शेवग्याची शेंग, कढीपत्ता, मिरची आधी काढून टाकावी. वड्याचे कुरकुरीत आवरण अशा माणसाला देऊच नये. ताठ बसवून, लहान घासांनी, न बोलता खाऊ द्यावे आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवे करू नये. खाताना वारंवार खोकला येत असेल किंवा आवाज ओलसर, घोगरा होत असेल, तर उपाहारगृह बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.

वेळेचे म्हणाल, तर सकाळी अकरा किंवा दुपारी साडेतीन. गर्दीत भांड्यांच्या आवाजाने श्रवणयंत्र लावलेला माणूस बेजार होतो. भिंतीकडे पाठ करून बसवले, म्हणजे मागचा गोंगाट कमी होतो आणि समोरच्यांची तोंडे दिसतात. हात टेकायला कड्या असलेली खुर्ची मागावी. स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे का, हे मागणी देण्याआधी पाहावे. एका उपाहारगृहात, नाव सांगत नाही, नानांना चार माणसांच्या टेबलावरून उठायला सांगितले, कारण ते सावकाश खात होते. तेथे आम्ही पुन्हा गेलो नाही. फिल्टर कॉफी नानांना फार प्रिय; पण लोहाच्या गोळीच्या वेळी कॉफी घेतली तर शरीरात लोह कमी शोषले जाते, म्हणून दोन्हींमध्ये तासा-दोन तासांचे अंतर ठेवतो. दुपारनंतरची कॉफी रात्रीची झोप घालवते. हा नियम नाना मानत नाहीत.

आता चित्रपटांकडे वळते. ऐकू न येणे ही म्हातारपणाची किरकोळ तक्रार समजली जाते. स्मृतिभ्रंशावरील लॅन्सेट आयोगाने २०२४ च्या अहवालात ज्या १४ टाळण्याजोग्या धोक्यांची यादी दिली, त्यांत श्रवणदोष आहे आणि माणसांपासून तुटणेही आहे. आमच्या घरात हे दोन्ही हातात हात घालून आले. मराठी मालिका सुरू असली की नाना उठून ओसरीवर जाऊन बसत. आपल्याच भाषेतील वाक्य चुकले की माणूस आपण कमी पडलो असे समजतो आणि तीन वेळा "काय म्हणाला?" असे विचारून झाल्यावर चौथ्यांदा विचारत नाही.

एका सुटीत पुण्याहून आलेल्या नातीने एक तमिळ चित्रपट लावला. खाली इंग्रजी ओळी उमटत होत्या. त्या वाचून ती मराठीत सांगत होती. त्या संध्याकाळी घरातील एकालाही काही कळत नव्हते. माझा मुलगा "काय म्हणाला?" म्हणून विचारत होता, मी विचारत होते आणि नाना, ज्यांना निव्वळ चेहरे वाचण्याचा पन्नास वर्षांचा सराव, तेच आम्हाला सांगत होते, "खोटं बोलतोय तो, डोळे बघ." परक्या भाषेने सर्वांना एका पातळीवर आणून बसवले. तेव्हापासून नात नानांच्या समोर, उजेडाकडे तोंड करून बसते, सावकाश सांगते, ओरडत नाही. कमी ऐकू येणाऱ्याशी असेच बोलावे, हे कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला कितीदा सांगितले होते. चित्रपटाने ते आपोआप घडवले.

एक सावधगिरी: दूरचित्रवाणीवर दिवसभर लागणारे हिंदीत रूपांतरित दाक्षिणात्य मारधाडपट यांत धरू नका. ओठ एक बोलतात, कानावर दुसरेच पडते. ओठांकडे पाहून समजून घेणाऱ्या माणसाची त्यात फसगत होते आणि आवाज तर असह्य. मूळ भाषेतच पाहावे.

जुन्यांपैकी आमच्या घरी 'तिल्लाना मोहनाम्बाळ' (१९६८) चालतो. नादस्वरवादक आणि नर्तिका यांची ही कथा वादन-नृत्यातूनच बरीचशी कळते. त्यातील नायक शिवाजी गणेशन यांचे मूळ नाव गणेशन. अण्णादुराईंच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केल्यावर पेरियार यांनी त्यांना 'शिवाजी' हे नाव दिले. बाजीप्रभूंच्या हिरडस मावळात बसून हे सांगताना नानांची छाती दोन इंच फुगते. रजनीकांत मूळचे शिवाजीराव गायकवाड, हेही ते सांगतात. पण त्यांचे चित्रपट नानांना लांबलचक वाटतात. मलाही.

सर्वांत खोल गेला तो एम. मणिकंदन यांचा 'कडैसी विवसायी' (२०२२), म्हणजे 'शेवटचा शेतकरी'. विवसायी हा शब्द आपल्या व्यवसायाचाच भाऊ. गावात शेती करणारा एकच म्हातारा उरला आहे. ग्रामदेवतेच्या उत्सवाला त्यानेच पिकवलेला भात हवा. तो पेरणी करतो आणि मोर मारल्याच्या खोट्या आरोपावरून कोठडीत जातो. न्यायालयातही त्याची चिंता एकच: रोपांना पाणी कोण घालणार? भूमिका करणारे नल्लांडी हे व्यावसायिक नट नव्हते. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच ते वारले. आमच्या खाचरात आवण सुकले, तर नाना असेच कासावीस होतात. चित्रपट संपल्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन बांधापर्यंत गेले. कित्येक महिने ते तिकडे फिरकले नव्हते.

धनुष यांच्या 'पा पांडी'ने (२०१७) मात्र घरात जरा ताण आणला. मुलाकडे राहणारा वृद्ध पिता एके दिवशी मोटारसायकलवर बसून घर सोडतो आणि तरुणपणीच्या प्रेयसीला शोधायला निघतो. नानांनी मान हलवून म्हटले, "बरं केलं त्यानं." माझे यजमान दुखावले. मला वाटते, अशी वाक्ये ऐकून घ्यावीत. वृद्ध माणसाला सरळ मागता येत नाही ते तो चित्रपटातल्या माणसाच्या नावावर मागतो. मी एवढेच विचारले, "तुम्हाला कुठं जायचंय, नाना?" उत्तर तत्काळ आले. त्यांना माटुंग्याला जाऊन केळीच्या पानावर जेवायचे आहे.

घरात यावर एकमत नाही. प्रवास लांबचा, वय मोठे, साखर चढउतार करणारी. माझे मत जाण्याच्या बाजूचे आहे: भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर, थंडीत, मध्ये एक मुक्काम करून, गोळ्या आणि साखरेचे खडे जवळ ठेवून. हृदयाच्या डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही. खरी अडचण एकच आहे. ते बोर्डिंग पहिल्या मजल्यावर आहे. नानांचा उजवा गुडघा दुखरा. व्यायामोपचार करणाऱ्या ताईंनी सांगितले आहे की, चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी, एक हात कठड्यावर, आणि कोणीतरी नेहमी एक पायरी खाली उभे राहायचे. आमच्या घराला ओसरीच्या पाच पायऱ्या आहेत. रोज संध्याकाळी नाना त्या चार वेळा चढतात आणि उतरतात, आणि खालच्या पायरीवर मी उभी असते.